हरणी कुणाच्या मागं पळती

कसब्या बावड्यात हंबीररावांच्या घरी पूर्णिमा सून म्हणून आली, ती म्हैस घेऊनच. हरणी म्हशीचं नाव. माहेरी कबनूरला पूर्णिमा फटफटीवर पुढं आन् हरणी मागं अशा सुटल्या, की गावातलं कापडाचं सगळं लूम बघत थांबायचं. खोटं वाटत आसंल तर ऱ्हाऊ द्या, पण तेवढ्या येळात कबनुरात वीतभर कापड निघालं न्हाय, एवढं खरं.

सासरी मात्र हरणी गोठ्यात आन् पूर्णिमा गॅसपुढं. सासू धोंडुबाई काय वाईट न्हवती. "आता संसारात रम पोरी," एवढंच म्हणायची. एक दिवस पूर्णिमाची भाकरी अशी टम्म फुगली, की सासूनं शेजारणी बोलवून दावली. "रुळली गं बाई!" समद्या म्हणाल्या. पूर्णिमा मनात म्हणाली, रुळली? म्हंजे संपलंच की!

दिवाळीच्या पाडव्याला बावड्यात म्हशी पळवत्यात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या घालायच्या, गाडीचा सायलेन्सर काढायचा. मालक गाडीवर पुढं, म्हैस मागं. हंबीररावांनी सांगून टाकलं, "औंदा हरणीला यशराज पळवणार. सूनबाईनं ओवाळायचं आन् आत जायचं."

नवऱ्यानं, यशराजनं, गाडी अशी फाडफाड वाजवली, की पन्हाळ्यावरची माकडं बघायला खाली उतरली. हरणी ढिम्म. उभ्या उभ्या रवंथ करतीय.

"मालक, म्हशीला गाडीवर बसवा, तुम्ही मागनं पळा!" गर्दीतनं कुणीतरी ओरडलं. पोरांनी मोबाईल काढलं.

बिचाऱ्या बापल्योकास्नी वाटलंतं, म्हैस गाडीच्या आवाजामागं पळती.

हंबीरराव लालबुंद. "सूनबाई, जरा हितनंच हाक मार तिला."

पूर्णिमाच्या हातात ओवाळायचं ताट. एक हाक मारली आसती तर हरणी सुटली आसती, नाव यशराजचं झालं आसतं, आन् ही आत भांडी घासायला. जन्मभर.

"हाक न्हाय मारणार, मामंजी. गाडीची किल्ली द्या."

"आगं, लोक काय म्हणतील?"

"आत्ता काय म्हणाय लागल्यात ते ऐकताय न्हवं? आन् आज पळवली तर रोज सकाळी मीच पळवणार. हितं समद्यांम्होरं व्हय म्हणा."

तवर धोंडुबाई पुढं आली आन् सुनेच्या हातातलं ताट काढून घेतलं. "व्हय म्हणा की! का मी म्हणू?"

"व्हय," हंबीरराव पुटपुटले.

"मोठ्यानं!" गर्दी ओरडली.

"व्हय की, व्हय!"

यशराजनं उतरून किल्ली दिली. पूर्णिमानं पदर खोचला, किक मारली आन् आरोळी ठोकली, "हरणेऽऽ!" म्हैस अशी उधळली, की त्या वाऱ्यानं यशराजचा फेटा उडाला तो थेट नृसिंहवाडीच्या संगमात जाऊन पडला.

साखर कारखान्याच्या कोपऱ्यावर समदी जणं गाड्या माघारी वळवत्यात. "वळीव! आगं, वळीव!" हंबीरराव मागनं बोंबलत हुते.

पूर्णिमाला ऐकू आलं. चांगलं ऐकू आलं. तिनं गाडी सरळ सोडली.