सहाव्या बोल्टचं पाणी

मिस्त्रीने इंजिनातलं तेल मोजायची डिपस्टिक ओढून उजेडात धरली, पोपटने मान पुढे काढली, आणि दोघेही गप्प झाले. मिस्त्रीचं गप्प राहणं नेहमीचं. पण पोपट गप्प झाला म्हणजे प्रकरण गंभीर होतं. पावाची गाडी हाकता हाकता हा माणूस सिग्नलच्या खांबाशीसुद्धा गप्पा मारायचा, आणि त्याला कंटाळून खांब वेळेआधीच हिरवा होतो, असं बाजारात बोललं जायचं.

"तेल कालच बदललं ना रे आपण?" शेवटी तो म्हणाला.

"काल."

"मग हे काय आहे? चहा?"

काठीच्या टोकाला दूध जास्त झालेल्या चहासारखा फेसाळ रंग होता. रेडिएटरमधलं पाणी दीड लिटरने उतरलं होतं. ते कुठे गेलं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. कुठून गेलं, एवढाच प्रश्न होता.

एके काळी मिस्त्रीला असले प्रश्न पडत नसत. रस्त्यावरून गाडी गेली की जेवता जेवता, ताटावरून न उठता तो तिचं दुखणं सांगायचा. एका बंद पडलेल्या इंजिनासमोर तो नुसता खाकरला, तर ते घाबरून सुरू झालं म्हणे. यातलं निम्मं खोटं धरलं, तरी उरलेल्या निम्म्यावर चाळीस वर्षं घर चाललं होतं.

या वर्षी मात्र दोन गाड्या परत आल्या. एकीच्या तेलाचा नट हाताने फिरवून तसाच सोडलेला, दुसरीच्या एअर फिल्टरमध्ये फडकं राहिलेलं. दुसऱ्या खेपेला मिस्त्री बायकोला म्हणाला होता, "तिसरी आली तर पाना खाली ठेवीन." ती नुसतं "हं" म्हणाली. नवरा एकदा बोलला की स्वतःलाही सोडत नाही, हे तिला ठाऊक होतं.

आणि तिसरी, पोपटची पावाची गाडी, ही अशी दारात उभी होती. इंजिनावरचं हेड उतरवून, घासून आणून, मधे पाणी अडवणारं नवं गॅस्केट घालून आठवडा झाला नव्हता.

"गॅस्केटच असणार," पोपट म्हणाला. "हल्लीची गॅस्केटं म्हणजे लग्नाच्या पत्रिका. एकदा वाकली की गेली."

"बघू."

मिस्त्रीलाही मनातून तेच हवं होतं. गॅस्केट गेलं तर दोष कारखान्याचा, हेड वाकडं निघालं तर लेथवाल्याचा. माणसं देवाकडे काय काय मागतात. मिस्त्री त्या सकाळी फाटकं गॅस्केट मागत होता.

त्याने खालचा नट हळूच सैल केला. आधी स्वच्छ पाणी आलं, मागून तेल. मग तेलाचं चेंबर उतरवलं, रेडिएटरच्या झाकणाला सायकलचा पंप जोडला आणि हातातली बॅटरी पेटवून स्वतः गाडीखाली सरकला.

"मार हवा. हळू."

"या वयात सायकलला हवा मारायला लावतोस," पोपट वरून म्हणाला, "आणि सायकलही नाही."

पाणी पिस्टनांच्या अंगाने उतरत असेल तर वर गॅस्केट फाटलेलं. मिस्त्री पिस्टनांकडे बघत राहिला. ते कोरडे होते. थेंब आला तो ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य लोखंडी अंगाच्या, बाजूच्या भिंतीवरून. केसाएवढी चीर होती, सहाव्या बोल्टच्या बरोबर खाली.

हेड उतरवलं की पाणी बोल्टांच्या भोकांत साचतं. भोकं आंधळी, त्यांना खाली वाट नसते. ती कोरडी न करता बोल्ट आवळला तर पाणी दबत नाही, लोखंड फुटतं. हाताखाली शिकून गेलेल्या प्रत्येकाला मिस्त्रीने हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तो स्वतः तारेला फडकं गुंडाळून, मोठ्याने आकडे म्हणत एकेक भोक पुसायचा. दहा म्हटल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही.

त्या दिवशीचे आकडे त्याने आठवून पाहिले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचाच्या पुढे काही नव्हतं.

बायको मधल्या दारात उभी होती.

"अगं," तो गाडीखालूनच म्हणाला, "हेड बसवलं त्या दिवशी मी मधेच आत आलो होतो?"

"आला होतात. चहाला."

"मग?"

"प्यालात, गेलात. लगेच परत आलात, आणि चहा अजून कसा नाही म्हणालात."

"मग तू काय केलंस?"

"परत केला."

"सांगायचं तरी."

"किती वेळा सांगू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मिस्त्रीला ते नीट ऐकू आलं.

तो बाहेर आला. पोपटने पंप खाली ठेवला.

"हे बघ, गॅस्केट खराब निघालं. मी बाजारात तेच सांगणार."

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवतं?"

"तेही खरं. मग ब्लॉक जुना होता म्हणू. लोखंडसुद्धा म्हातारं होतंच की."

"ते धड होतं. मी फोडलं."

"वेल्डिंगचा टाका मारून?"

"बिडाच्या लोखंडाला टाका चार दिवस टिकतो. आणि हा ब्लॉक आता कुठे मिळत नाही."

पोपटने गाडीच्या दारावरून हात फिरवला. "मग पाव मी कशाने पोचवू?" त्याने विचारलं. ते टोचून बोलणं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

मग त्याने खिशातून खडू काढला. पुन्हा खाली जाऊन भिंतीवरचं तेल पुसलं आणि चिरेभोवती गोल केला. पुढे कुणी हे इंजिन उघडलं, तर त्याने उगाच शोधत बसू नये. मग ब्लॉकच्या बाहेरच्या बाजूवर ठळक अक्षरांत लिहिलं: बोल्ट सहा. भोक कोरडं केलं नाही.

"आज तारीख किती?"

"सतरा," बायको म्हणाली.

खडू लोखंडाला टेकला आणि तिथेच थांबला.

"तारीख किती आज?"

"सतरा," ती म्हणाली, जणू त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं.