संपावर गेलेला हात

नव्या कोचला मैदानावर सगळे मास्तर म्हणतात. वयानं माझ्याहून लहान, पण जीभ तिखट. पहिल्याच दिवशी मला थांबवून म्हणाले, "ताई, तुमचा डावा हात संपावर गेलाय का?"

"विचारून सांगते त्याला," मी म्हटलं.

हसले, पण सोडलं नाही. म्हणे, उजवा हात नीट मागेपुढे जातो आणि डावा नुसता बाजूला लोंबतो, म्हणून कंबर पिळते आणि भार उजव्या गुडघ्यावर येतो. गुडघा सुजलेला होताच. "असंच चाललं तर पळणं कायमचं बंद," ते म्हणाले. नोकरी संपली, लेक परदेशी, घरात मी आणि चार भिंती. हे पळणंच काय ते मला दाराबाहेर काढतं.

हात असा का, ते मी सांगितलं नाही. आमच्या ह्यांना दिसत नव्हतं. आम्ही रोज जोडीनं पळायचो. माझं डावं मनगट आणि त्यांचं उजवं, मध्ये बुटाची एक नाडी. माझं कोपर त्यांना लागू नये म्हणून मी तो हात खाली, लांब धरायचे. वळण आलं, खड्डा आला की मी सांगायचे. ते दमले तरी कबूल करतील तर शपथ! पण नाडी ताणली जायची, मग मीच म्हणायचे, "मी दमले बाई." ते गेले. नाडी खुंटीवर राहिली आणि हात होता तसाच राहिला.

"कोपर वाकवा, मूठ सैल सोडा. हात फक्त मागे न्या, पुढे तो आपला आपण येतो," मास्तर मागून पळता पळता सांगत होते. मी दातओठ खाऊन करत राहिले. अर्ध्या फेरीनंतर हात खरंच सुटला. पावलं जुळली, दम लागेना, गुडघाही गप्प झाला. इतकी वर्षं मला असं पळता आलं असतं? मेला विचार, आला तसा हाकलून दिला.

पाण्याच्या टाकीपाशी खड्डा आहे. "खड्डा. माझ्याकडे सरका," मी म्हटलं आणि डावीकडे जागा सोडून बाजूला झाले.

मागे मास्तर मुकाट्यानं सरकले.

फेरी संपल्यावर म्हणाले, "कसं वाटतंय?"

"हलकं," मी म्हटलं. खरंच हलकं वाटत होतं, म्हणूनच रडू आवरेना.