जुना भाग परत

घड्याळजींनी जुना बोल्ट एका पारड्यात ठेवला, नवा दुसऱ्यात, आणि श्वास रोखून बसले. जुन्याचं पारडं खाली टेकलं, नव्याचं वर गेलं. यात नवल काहीच नव्हतं. जुना पोलादाचा, नवा टायटॅनियमचा, वजनाला जवळपास निम्मा. तरी त्यांनी पारडी बदलून पुन्हा तोलून पाहिलं. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा एकदम कशावर विश्वास बसत नाही.

बोल्ट मोटरसायकलचा होता आणि मोटरसायकल बायकोची होती. बाई गुरांच्या डॉक्टर. गावाबाहेरचे गोठे पालथे घालायचे तर त्यांना ही अवजड गाडीच लागायची. गोठ्यापुढच्या चिखलात साइड स्टँड रुततो, म्हणून गाडी मधल्या स्टँडवर चढवावी लागते, आणि तिथे सगळं वजन अंगावर घ्यावं लागतं. इतकी वर्षं बाई ते बोलता बोलता करायच्या. मग पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्या कितीतरी दिवस अंथरुणाला खिळून राहिल्या. सर्जनने सगळ्याला परवानगी दिली त्या दिवशी त्या तडक अंगणात गेल्या, स्टँडवर पाय देऊन त्यांनी गाडी ओढली. गाडी जराशी उचलली गेली आणि परत खाली आली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी ती भिंतीला टेकवली आणि आत येऊन हात धुतले.

जेवताना म्हणाल्या,

"महिनाअखेरीपर्यंत बघते. नाही चढली स्टँडवर, तर कंपाउंडरला देऊन टाकू. त्याच्या मागे बसून हिंडेन मी."

घड्याळजी बरं म्हणाले, पण तोंडदेखलं. कुणाच्या मागे बसलेली बायको त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. लग्न झाल्यापासून मागे बसत आले होते ते स्वतःच. आता ती आणखी कुणाच्या मागे पिशवीसारखी बसणार, हे काही त्यांना सहन होण्यातलं नव्हतं.

इंजिन हलकं करता येत नाही, चाकं कापता येत नाहीत. उरले बोल्ट. गॅरेजवाला आधी पोट धरून हसला. सगळे बोल्ट बदललेत तरी किलोभर कमी होईल, म्हणाला, म्हणजे दर्या में खसखस. थेंबे थेंबे तळं साचतं तर थेंबे थेंबे आटेलही, असं घड्याळजींनी त्याला ऐकवलं. मग मात्र त्याने नीट सांगितलं: ब्रेकच्या आणि चाकांच्या बोल्टांना हात लावायचा नाही, नव्या बोल्टाच्या आट्यांना वंगण लावल्याशिवाय तो फिरवायचा नाही, आणि जोर दाखवायचा नाही. शेवटची सूचना अनाठायी होती. घड्याळजींनी उभ्या आयुष्यात कशावर जोर दाखवला नव्हता.

ते रोज संध्याकाळी दुकान बंद करून आले की गाडीपाशी पाट टाकून बसायचे. एक बोल्ट काढायचा, तिथे नवा बसवायचा, मगच पुढच्याला हात लावायचा. जुना बोल्ट पुसून, फडक्याच्या तुकड्यात गुंडाळून त्याची पुडी बांधायची. दुकानातली ही शिस्त त्यांच्या वडिलांची: नवा भाग घातला की जुना पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत करायचा. वस्तू त्याची, ठेवून घेणारे आपण कोण? बायकोने विचारलं तेव्हा बोल्ट गंजलेत म्हणून बदलतोय, असं त्यांनी सांगून टाकलं. बोल्ट चकचकीत होते. बाईंनी एक उचलून पाहिला आणि परत ठेवला.

घड्याळजींची बहीण आली तिने मात्र ताबडतोब ओळखलं. दादा, एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्वतःचं पोट कमी कर, मागे तूच बसतोस ना, असं ती वहिनीसमोरच म्हणाली. दोघी हसल्या. घड्याळजींनी पाना खाली ठेवला नाही.

महिना संपत आला. एका सकाळी बाई बूट घालूनच बाहेर आल्या. घड्याळजी दारात हातातल्या घड्याळाला किल्ली देत उभे राहिले. त्या घड्याळाला किल्ली नव्हतीच, पण ते त्यांच्या लक्षात यायला उशीर झाला. बाईंनी स्टँडवर पाय ठेवला, सीटखालचा दांडा पकडला आणि अंग झोकून दिलं. गाडी हलली, थांबली, आणि खट्‌ आवाज करून स्टँडवर उभी राहिली.

बाई दम घेत म्हणाल्या, "हलकी झालीय हो."

घड्याळजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं ते भडाभडा बोलू लागले. गंजबिंज काही नव्हता, तुझ्यासाठीच केलं, गॅरेजवाला हसला, आता त्याला सांगतोच. किती वजन काढलं ते तिला हातात घेऊन कळावं, म्हणून त्यांनी गाडीच्या बाजूला जोडलेली हत्यारांची पेटी उघडली आणि आतून पुड्यांनी गच्च भरलेली कापडी पिशवी ओढून काढली.

"हे बघ, एवढं वजन—"

पिशवीने हात खाली ओढला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाला परत. गाडीचे बोल्ट गाडीत. रोज एकेक पुडी ते इमानेइतबारे त्याच पेटीत ठेवत आले होते. आणि वर नवे बोल्ट. ग्रॅमग्रॅम तोलणाऱ्या माणसाने गाडी होती त्याहून जड करून ठेवली होती.

त्यांनी पिशवी पाठीमागे नेली. एवढी मोठी पिशवी कुठे लपते?

"ठेवा परत," बाई हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाल्या. "मी पहिल्याच आठवड्यात पाहिली होती. तुम्ही दुकानात गेलात की मी रोज गाडी ओढून बघायचे. म्हटलं, पिशवीसकट चढली तरच गाडी आपली."

"मग हलकी झालीय म्हणालीस ते?"

बाईंनी गाडी पुढे ढकलून स्टँडवरून उतरवली आणि सुरू केली.

"तुम्ही रोज जमिनीवर बसून एवढं करत होतात. हलकी नको व्हायला?" त्या म्हणाल्या. "बसा, दुकानापर्यंत सोडते."

घड्याळजींनी पिशवी पेटीत ठेवली, झाकण लावून ओढून पाहिलं आणि मागे बसले. बसताना त्यांनी पोट जितकं आत घेता येईल तितकं आत घेतलं.