कोसिबोल्काचा सोयरा

लादिस्लाओ भाऊजींनी तो मासा आणला तो एका स्वप्नापायी.

माझी थोरली बहीण निकानोरा म्हणजे त्यांची बायको. ती गेली त्यानंतर भाऊजी दुपारचे झोळीत पडून राहायचे, आणि झोपेतही तळ्याकडेच तोंड असायचं. एका दुपारी त्यांना दिसलं की निकानोरा आमच्या आपोयो तळ्याच्या तळाशी स्टुलावर बसून राजमा निवडते आहे. झगा नाही भिजलेला, केस नाहीत हललेले. मान वर न करता ती म्हणाली, "तुझ्याकडचं अजून कुणीच कसं आलं नाही रे?"

हेच ती लग्नाच्या दिवशीही म्हणाली होती. भाऊजी कोसिबोल्काच्या, त्या समुद्रासारख्या मोठ्या तळ्याच्या, पार पलीकडल्या काठचे. लग्नाच्या दिवशी वादळ झालं, लाँच सुटलीच नाही आणि नवऱ्याकडचं एक माणूस मांडवात आलं नाही. पुढे भाऊजी इथंच राहिले. गावाकडे जाऊ जाऊ म्हणत म्हातारे झाले.

आमचं तळं विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात आहे. त्यात नदी येत नाही आणि त्यातून नदी जात नाही. चहूबाजूंनी झाडीच्या भिंती, मधे निळं पाणी. उन्हाळ्यात दुपारी वारा पडला, माकडं गप्प झाली, की आपण पाण्याच्या वर आहोत की खाली हेच कळेनासं होतं. अशाच एका दुपारी मी काठावरच्या माझ्या खानावळीत लोकांसाठी मासे तळत बसले होते, तर भाऊजी डोंगर उतरून आले. डोक्यावर निळं पिंप, गळ्यापर्यंत घाम.

"दोसी, बघ कोण आलंय," ते म्हणाले.

पिंपात एक मोठा मोखारा मासा होता. नर. कपाळावर पावासारखा फुगलेला उंचवटा, ओठ जाडजूड, रंग पिकलेल्या आंब्याचा. थेट कोसिबोल्काचा, ग्रानादाच्या धक्क्यावर एका कोळ्याकडून जिवंत मागून घेतलेला.

"इतक्या लांबून मासा? इथं काय माशांचा दुष्काळ पडलाय?"

"हा खायचा नाही. हा माझ्याकडचा सोयरा आहे. तळ्यात सोडणार. आणखीही आणीन."

झाडाखाली जाळ्याचा गुंता सोडवत बसलेली फिओरेया तेवढ्यात उठली. ती भाऊजींची नात. त्यांची मुलगी मिग्दालिया तरुणपणीच शेजारच्या देशात, कोस्टा रिकाला, कामाला गेली, तिकडच्याच माणसाशी लग्न केलं, आणि ही पोर तिकडंच वाढली. माशांचं शास्त्र शिकत होती. उन्हाळाभर माझ्याकडे राहून रोज सकाळी पाण्यात बघायचा काचेचा मुखवटा लावून तळ्यात उतरायची. गोड पोर, पण बोलणं तिकडचं. आम्ही इथं देवालासुद्धा अरेतुरे करू, आणि ही माझ्या कुत्र्याला म्हणायची, "तुम्ही जरा बाजूला सरकता का?" अख्खा काठ त्यावर हसायचा. कुत्रा मात्र तिच्याच पायाशी झोपायचा.

"आजोबा, तुम्ही याला तळ्यात नका सोडू," ती म्हणाली.

"का? पाणी त्याला चावेल?"

"आपले इथले मोखारे वेगळे आहेत."

"वेगळे कसले! मोखारा तो मोखारा. कधीतरी वादळाबरोबर उडून आले असतील, नाहीतर कुणा म्हाताऱ्यानं मडक्यातून आणले असतील. माझ्यासारखंच कुणीतरी. भाऊभाऊच ते."

"होते भाऊभाऊ. पण त्याला हजारो वर्षं झाली. इथं अडकले, मग कुणी खडकापाशी राहायला लागले, कुणी खोल पाण्यात. खडकापाशी जाड अंगाला फायदा, खोलात सडपातळ अंगाला. पिढ्यान्‌पिढ्या जो तो आपल्यासारखाच जोडीदार शोधत गेला. आता इथंच कितीतरी जाती झाल्यात, आजोबा. जगात दुसरीकडं कुठंच नाहीत त्या."

भाऊजींनी पिंपावर झाकण ठेवलं. "म्हणजे माझं पाणी आणि तुमचं पाणी एक नाही, असंच ना?"

मी मधे पडले. मासा माझ्या कपडे धुवायच्या हौदात ठेवायचा ठरला. भाऊजींनी हट्टानं इथली एक मादी धरून त्याच हौदात सोडली. "बघूच ओळखतात का," म्हणाले.

मग आमच्या दुपारी हौदाकाठी जायला लागल्या. भाऊजींनी झोळीच तिथं बांधली. मी धुणं शेजारणीकडे न्यायला लागले. मासे आधी दोन कोपऱ्यांत राहिले, जसे एका बाकावर बसलेले दोन अनोळखी गावांचे पाहुणे. नर पंख पसरून थरथरायचा, मादी बघायची आणि वळून जायची. भाऊजी त्याला धीर द्यायचे, "अरे, हळू घे. इथल्या बायका तशाच. मला किती फिरवलं होतं!"

आणि एका सकाळी मादी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघांनी मिळून तोंडानं एक दगड घासून घासून लख्ख केला. त्यावर अंडी आली. मग पिल्लं, धुरासारखी. ती आईबापांच्या अंगाला तोंड लावून त्यांच्या कातडीवरचा चिकट थर खात होती, आणि दोघं जरा न हलता अंग खाऊ घालत होते. मी आयुष्यभर मोखारे तळले, पण हे पाहून त्या दिवशी मला तवा ठेववेना.

भाऊजी गल्लीभर फिरून आले. "झालं लग्न! कोण म्हणत होतं वेगळे म्हणून?"

"हौदात झालं, आजोबा," फिओरेया म्हणाली. "तिला दुसरा कुणी होता का? तळ्यात तिच्यासमोर तिचे शंभर असते, तर तिनं याच्याकडे बघितलंही नसतं. आणि बघितलं असतं तर जास्तच वाईट. तुमचे थोडे मासे आणि त्यांची पिल्लं मिसळत मिसळत गेली, की इथं जे हळूहळू झालंय ते सगळं विरघळून जाईल."

"वाईट?" भाऊजींचा आवाज बारीक झाला. "मिसळलेलं वाईट? मग तू कोण गं? तुझा बाप तिकडचा, आई इकडची. तूही त्या हौदातलंच पिल्लू की!"

मी हातातलं काम ठेवलं. फिओरेयाचा चेहरा उतरला. पण ती रडली नाही.

"माणसात दुसरी जात नसतेच, आजोबा. आपण सगळे एकच मासे. कितीही लांब गेलो तरी." मग म्हणाली, "तुम्ही या तळ्याकाठी इतकी वर्षं राहिलात. कधी आत बघितलंत?"

त्यांनी बघितलं नव्हतं. कोळी माणूस, पाण्यावर जन्म गेला, पण डोळे उघडे ठेवून पाण्यात डोकं घातलं नव्हतं. त्यांच्या गावच्या तळ्याचं पाणी गढूळ, त्यात बघायचं काय!

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती त्यांना घेऊन पाण्यात उतरली. मी काठावर गुडघाभर पाण्यात उभी, लाकडी खांबाला धरून. म्हाताऱ्याच्या तोंडावर मुखवटा बसेना, मिशी आड येत होती. शेवटी तिनं मिशीला चरबी लावली. मग ते तिच्या हाताला धरून पाण्यावर पालथे पडले, आणि नुसती पांढऱ्या केसांची रेघ वर राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. उन्हं झाडीवरून पाण्यावर आली.

काय दिसलं ते त्यांनी नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं, जेवताना, झोळीत, मधेच केव्हाही. खाली उतार होता, म्हणाले, निळा होत होत काळा होणारा. वरच्या खडकांत जाडे मोखारे जोडीजोडीनं, प्रत्येकाचं आपलं बीळ, आपली पिल्लं. आणि जरा खाली, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, दुसरे, बाणासारखे सडपातळ. तेही जोडीनं. वरचे खाली बघत नव्हते, खालचे वर येत नव्हते. भांडण नाही, कुंपण नाही. वरचा एक नर शेजारच्याला हुसकावून लावत होता, पण बाणासारखा एक जवळून गेला तर त्याच्याकडे त्यानं लक्षही दिलं नाही. "जसा मी पाद्र्याच्या बायकोकडे बघत नाही," भाऊजी म्हणाले.

"पाद्र्याला बायको नसते, भाऊजी."

"तेच तर."

त्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, "निकानोरा खाली नव्हती." आणि पुढच्या आठवड्यात पिंप घासून स्वच्छ केलं.

नर मासा परत त्याच्या पाण्यात सोडायचा, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. फिओरेया बरोबर गेली. ग्रानादाच्या धक्क्यावर पिंप उपडं केलं, मासा क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग गढूळात गेला. लाँच धक्क्याला लागलेली होती. भाऊजी तिच्याकडे बघत राहिले, आणि नातीला म्हणाले, "पोरी, तू घरी जा. मी जरा पलीकडं जाऊन येतो."

जरा म्हणून गेलेला माणूस पावसाच्या तोंडाला आला. आम्ही काळजीनं अर्धमेल्या. ते आले, वाळलेले, उन्हानं काळे, आणि आल्या आल्या पिनोलिओ मागितलं. मक्याचं ते पेय एका दमात प्यायले आणि भोपळ्याची रिकामी तुंबडी माझ्या हातात दिली.

"गाव आहे अजून?" मी विचारलं.

"आहे. माझा धाकटा भाऊ आसुन्सिओन आहे. दात नाहीत, पण आहे." ते हसायला लागले. "पण तिथली पोरं मला म्हणतात, आजोबा, तू कुठला? म्हटलं, मी इथलाच. तर म्हणतात, छे, तू तर डोंगरावरच्यांसारखं गाऊन गाऊन बोलतोस! भावानंसुद्धा पहिल्या दिवशी दोनदा विचारलं, काय म्हणालास?"

फिओरेया त्यांच्या शेजारी बसली होती. कुत्रा तिच्या पायाशी. "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? दुसऱ्या दिवसापासून त्यांनाच मोठ्यानं बोलायला लावलं. म्हटलं, मला ऐकू येत नाही." मग म्हणाले, "रात्री भाताबरोबर राजमा होता. भावाची बायको आपल्यासारखाच करते. अगदी तसाच."

पाऊस सुरू झाल्यावर फिओरेया गेली. जाताना हौदातल्या पिल्लांकडे बोट दाखवून तिनं भाऊजींकडून वचन घेतलं की त्यातलं एकही तळ्यात जाणार नाही. त्यांनी ते पाळलं. पिल्लं आता तळहाताएवढी झालीत. कपाळ बापाचं, डोळे आईचे, आणि स्वभाव कुणाचाच नाही. येणाऱ्याजाणाऱ्याकडे टकामका बघतात. मी अजूनही धुणं शेजारणीकडेच नेते. ती रोज कुरकुरते, तिचं म्हणणं बरोबर आहे.

भाऊजी मात्र झोळीत कमी पडतात. सकाळी मिशीला चरबी लावून पाण्यात पालथे होतात. मी वर मिरची भाजत असते आणि अधूनमधून बघते, ते केस हलताहेत ना. हलत असतात. मग पुन्हा तव्याकडे वळते.