सावळीराम, असाल तिथून या

"नाव सांगा ना, मावशी. नावाशिवाय पुकारू काय मी?"

मावशी पदराचं टोक दातात धरून उभ्या. मागे रांग वाढत चाललेली. कुणाची सासू हरवली होती, कुणाची पिशवी, आणि एक बाबाजी तर स्वतःच हरवून आम्हालाच पत्ता विचारत होते. दोन हजार तीनचा सिंहस्थ, रामकुंडाजवळचा हरवले-सापडले मंडप आणि माइकवर मी, संध्या, पंचवटीतल्या शाळेतली बाई. आवाज खणखणीत म्हणून मला बसवलेलं. मला तरी काय, बोलायला मिळालं की तहानभूक लागत नाही.

"आमच्या गोरक्षचे बाबा म्हणा," मावशी पुटपुटल्या.

"अहो, असं पुकारलं तर निम्मा जिल्हा येईल. आपल्याकडे गल्लोगल्ली गोरक्ष!"

"आले होते की मागं. लय आले. हेच नाय आले."

"मागं म्हणजे? सकाळी?"

"मागच्या सिंहस्थाला."

हातातला चहा माझ्या साडीवर सांडला. अँप्लिफायर सांभाळणारा मनोज फिस्सकन हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की चौथीचा वर्गसुद्धा चिडीचूप झाला असता. माइक त्याच्या हातात कोंबला आणि मावशींना आत खुर्चीवर बसवलं.

झुंबरबाई त्यांचं नाव. कपाळावर ठसठशीत कुंकू, नखांत मेथीची माती. बारा वर्षांपूर्वी निफाडकडच्या खेड्यातून नवराबायको पर्वणीला आली होती. "तू इथंच थांब, गंगेचा तांब्या भरून आणतो," म्हणून नवरा गर्दीत शिरला.

"पाठ दिसत होती हो, बाई. भलतीकडंच चालले होते. मी हाक मारली, अहो! तिथं समद्याच बाया अहो म्हणत होत्या. चारपाच बाप्यांनी वळून पाहिलं. ह्यांनी नाय पाहिलं."

"मग मंडपात जाऊन नाव सांगायचं."

"नवऱ्याचं नाव? तोंडानं?" त्यांनी असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वंगाळ बोलले. "गोरक्षचे बाबा म्हून सांगितलं. घरी पोरगं त्यांना दादा म्हणायचं, गाव नावानं हाक मारायचं. गोरक्षचे बाबा म्हून त्यांना कोणी कधी बोलावलंच नव्हतं. कळणार कसं त्यांना, आपल्यालाच बोलावतात म्हून?"

नंतर पोलीस झाले, देवऋषी झाले. माणूस सापडला नाही, काही वाईटही कानावर आलं नाही. झुंबरबाई गावी परतल्याच नाहीत. घाटाच्या वरच्या अंगाला गोणपाट टाकून मेथी-कोथिंबीर विकू लागल्या. परत आले तर इथूनच येतील, एवढा साधा हिशोब. मी रोज तिथूनच भाजी घेते म्हणा ना, पण इतक्या वर्षांत भाव सोडून दुसरं काही विचारलं नव्हतं.

"आणि आजच का आलात?"

"नातू झालाय. उद्या बारसं. गोरक्ष म्हणतो, दादांचं नाव ठेवायचं."

"मग झकासच की!"

"काय झकास! आमच्यात गेलेल्याचं नाव ठेवतात, बाई. जित्या माणसाचं नाय ठेवत. नणंद म्हणती, नाव ठेवायचं आणि कुंकू पुसायचं, एकाच दिशी उरकून टाकू. म्हंजे उद्या मी त्यांना माझ्याच हातानं मारायचं." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "म्हून एकदा पुकारा. खरं नाव घेऊन. आले तर आले."

पण नाव कळायला तर हवं! मनोज म्हणाला, "मावशी, कागदावर लिहा." त्यांना लिहिता येत नव्हतं. शेवटी मला सुचलं. "लग्नात उखाणा घेतला असेल ना? तोच घ्या."

"उखाणा वेगळा आन् हाक वेगळी," त्या म्हणाल्या, पण लाजल्या. साठीची बाई, सोळाची झाली. पदर तोंडावर ओढून भराभर म्हणाल्या,

"मेथीची जुडी, कोथिंबिरीचा वास, सावळीरामांचं नाव घेते तुमच्यासाठी खास."

मांडवातल्या सगळ्या हरवलेल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी माइक घेतला. "सावळीराम, असाल तिथून रामकुंडाजवळच्या मंडपात या. आपल्या घरची माणसं वाट बघताहेत." दोनदा, तीनदा पुकारलं. झुंबरबाई केस चापूनचोपून उठून उभ्या राहिल्या.

आणि सावळीराम आले की हो! एक नाही, चांगले पाचसहा. पहिला पंचवटीतलाच रिक्षावाला, "कोण वाट बघतंय? बायको तर माहेरी गेलीय," म्हणत. मग देवळाली कॅम्पातले एक निवृत्त हवालदार, छाती काढून. निफाडचे द्राक्षबागाईतदार. सटाण्याकडचे एक काका धापा टाकत, अहिराणीत, "मीच सावळीराम शे, काय व्हयनं?" आणि सगळ्यांच्या मागून काठी टेकत पेठ तालुक्यातले एक थकलेले आजोबा.

प्रत्येक जण आत आला की झुंबरबाई त्याचा चेहरा निरखायच्या. बारा वर्षांत माणूस बदलतो, म्हणून डोळे, कान, हनुवटी, सगळं. मग मान हलवायच्या. काकांपाशी जरा जास्त थांबल्या. मग म्हणाल्या, "हे नाय."

मला वाटलं, आता चिडतील ही माणसं, पर्वणी सोडून आली होती. पण नाव एक म्हटल्यावर त्यांना एकमेकांचं भारीच कौतुक वाटलं. मनोजनं चहा आणला. झुंबरबाई डोळे पुसून त्यांच्यातच बसल्या आणि एकेकाला विचारू लागल्या, "तुमचं नाव कोणी ठेवलं?"

"आत्यानं. दुसरं सुचलं नाही म्हणे," रिक्षावाला म्हणाला.

हवालदार म्हणाले, "पलटणीत आम्ही दोन सावळीराम. माझं पत्र तो वाचायचा, त्याचे लाडू मी खायचो. अजून पत्रं येतात त्याची."

पेठचे आजोबा सावकाश बोलले. "माझ्या आज्याचं नाव सावळीराम. त्याच्या आज्याचंबी तेच. एक सावळीराम इंग्रजांच्या राज्यात घाटरस्त्याची खडी फोडायचा. एक दुष्काळात मजुरीला गुजरातेत गेला, तो आलाच नाय."

झुंबरबाई पुढे सरकल्या. "मग त्याच्या नातवाला नाव कधी दिलं?"

"पोर झालं तवाच दिलं. ते पाळण्यात रडत होतं. त्याला हाक तर मारायला पायजे ना?"

"आन् तो मेला का जिता, ते?"

"कोणाला ठावं! आजी म्हणायची, तिकडं एक हाय, हिकडं एक हाय."

सावळीराम एकेक करून गर्दीत गेले. मग झुंबरबाईंनी माझ्यापुढे हात केला. "द्या ते इकडं."

मी माइक दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत तांब्यासारखा धरला.

"अहो." आपलाच आवाज घाटावर ऐकून त्या दचकल्या. "अहो, सावळीराम... मी झुंबर. नातू झालाय. चला आता घरी."

मी मान खाली घातली. मनोजही कुठेतरी भलतीकडे बघत होता. त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या. कुणी आलं नाही. जाताना मला म्हणाल्या, "बाई, उद्या बारशाला या."

न जाऊन कसं चालेल! पेठ रोडला गोरक्षची दोन खोल्यांची जागा, बाहेर त्याचा टेम्पो. आत बायकांची ही गर्दी, घुगऱ्यांचा वास. गोरक्षला बहीण नाही, म्हणून मान त्याच्या आत्याचा, अक्काबाईचा. तिनं बाळाच्या कानात कुर्र केलं, "सावळीराम!" म्हटलं आणि तिच्या पाठीत धपाधप धपाटे बसले. मीही एक घातला, जरा जोरातच. मग ती वळली.

"वहिनी, चला आता. ते कपाळाचं उरकून घेऊ."

झुंबरबाईंनी पाळण्याची दोरी हातात घेतली.

"काल मंडपात सावळीराम रांगेनं उभे होते, वन्सं. समदे जिते, समदे च्या पीत. एकाला नाव दिलं म्हून दुसरा मेला नव्हता. कुंकू राहू द्या."

"अहो पण आपल्यात रीत..."

"रीत सांभाळली म्हून तर नाव घेऊन हाक मारली नाय तवा."

तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं. सून स्नेहल, "उगी उगी, बाळा," म्हणत धावली. ती सासऱ्याचं नाव कसं घेणार बिचारी! झुंबरबाईंनी तिला हातानं थांबवलं आणि दोरी ओढली.

"सावळीराम," त्यांनी हाक मारली. मग आणखी मोठ्यानं, बाहेरच्या रस्त्यावर जाईल एवढ्या आवाजात, "सावळीराम!"

हात पाळण्याच्या दोरीला होता, तोंड दाराकडे. दारात आम्हा बायकांच्या चपला होत्या, बाकी कुणी नव्हतं. बाळ मात्र रडायचं थांबलं होतं.