जोनास टेबटच्या पाठीवरचे वळ

अकरा वाजता पडदा दूर व्हायचा होता, आणि दहा पस्तीसला वाल्मिक खरात ओटावातील त्या लहानशा संग्रहालयात, स्वतःच लिहिलेल्या, अजून झाकलेल्या फलकासमोर आरोपीसारखा उभा होता.

फलकावर जोनास टेबटचे चरित्र होते. दोन कोंबड्या चोरल्याबद्दल १८३१ साली इंग्लंडात त्याला सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. चार महिने जहाजाच्या पोटात काढून तो आजच्या टास्मानियात उतरला, तिथे रस्त्यांसाठी खडी फोडली, आणि सुटल्यावर कॅनडात येऊन शेती केली. ‘पाठीवर फटक्यांचे वळ घेऊनच त्याने या भूमीवर पाऊल ठेवले,’ हे अखेरचे वाक्य वाल्मिकने जीव ओतून लिहिले होते.

ते खोटे होते.

टेबट घराण्यात ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. कैद्यांच्या नोंदवहीतली त्याची चार पाने तपासून वाल्मिक थांबला. पाचवे त्याने तेव्हा मागवलेच नाही. एरवी तारखेतल्या एका आकड्यासाठी आठवडाभर भांडणारा हा गृहस्थ जयंतीच्या सभांतून वाढला होता. फटके खाणारा माणूस त्याला पुराव्यावाचूनच आपला वाटला. फलक छापून गेल्यावर मनाला टोचणी लागली, आणि मागवलेले पाचवे पान आज सकाळी ई-मेलने आले. टेबटला एकही फटका बसला नव्हता. शेवटची दोन वर्षे तो इतर कैद्यांना फटके मारण्याच्या कामावर होता. त्याबद्दल त्याला खडीपासून सुटका आणि राहायला स्वतंत्र झोपडी मिळाली होती.

“पडदा उघडू नका,” वाल्मिक म्हणाला.

प्रदर्शनाचा प्रमुख चारुदत्त रानडे याने घड्याळाकडे पाहिले. “खरात, बाहेर चाळीस पाहुणे कॉफी पिताहेत. मिस टेबट ऐंशीच्या आहेत, घराण्यातल्या शेवटच्या. फलक त्याच वाचून दाखवणार आहेत. उद्या करेक्शन करू.”

“म्हणजे आज त्यांच्या तोंडून खोटं वदवायचं?”

“खोटं तुम्ही लिहिलंत. मी फक्त छापलं.”

घाव वर्मी बसला.

“आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये रिन्यू व्हायचंय.”

“धमकी देताय?”

“छे हो, आठवण करून देतोय. तुम्ही तारखांच्या बाबतीत फार पर्टिक्युलर ना!”

वाल्मिकचा आवाज चढणार, तोच दार उघडले. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या मिस टेबट स्वतःच चाके फिरवत आत आल्या.

“भांडताय तुम्ही,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “भाषा कळली नाही, माझं नाव मात्र कळलं.”

“काही नाही, माइकचं जरा—” चारुदत्त पुढे सरसावला.

वाल्मिकने गुडघे टेकले, पाचव्या पानाची छापून घेतलेली प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली आणि काहीही न लपवता सारे सांगितले. स्वतःची चूक सर्वांत आधी.

त्यांनी कागदावरून बोट फिरवले. 

“माझ्या वडिलांनी मला कधी हात लावला नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणायचे, ज्याच्या आजोबांनी मार खाल्ला, त्याने मुलांवर हात उगारू नये. ते सारं काय या असल्या खोट्यावर उभं होतं?”

 आपण या बाईचे घर पाडले, असे वाल्मिकला वाटले.

“किती जणांना मारलं त्यानं?”

“एकतीस. नावं खाली आहेत.”

“मॅडम, हे आपण नंतर—” चारुदत्त म्हणाला.

“नंतर मी असेन याची हमी देता?” त्यांनी चष्मा चढवला. “पडदा राहू द्या तसाच. माइक मला द्या. ही नावं मी वाचणार.” मग वाल्मिककडे वळून त्या म्हणाल्या, “माझ्या आवाजानं साथ दिली नाही, तर पुढची तुम्ही वाचा. चूक तुमचीही आहे.”

अकराला दोन मिनिटे कमी होती. चारुदत्त दार अडवून उभा होता. वाल्मिकने खुर्ची त्याच्या बुटांपर्यंत नेली आणि थांबला. चारुदत्त क्षणभर हलला नाही. मग बाजूला झाला.