बाळाचा रंग

"यातलं कावीळ झालेलं बाळ कुठलं?" सिस्टरनं विचारलं.

स्टुडिओच्या मालकांनी हसून पडद्याकडे बोट केलं. "हे काय, डावीकडचं."

"डावीकडचं ठणठणीत आहे. मीच उचलून ठेवलं होतं ते तिथं."

नवजात बाळाची कावीळ नुसत्या डोळ्यांनी कशी हेरायची, हे शिकाऊ परिचारिकांना दाखवण्यासाठी या सिस्टरनं हा माहितीपट करून घेतला होता. आणि पडद्यावर दोन्ही बाळं राख फासल्यासारखी फिकट दिसत होती.

संकलक बाईंचं डोकं सणकलं. अठरा वर्षं त्या याच खुर्चीत बसून चित्रं जोडत आल्या होत्या. हा माहितीपट त्यांनी पंधरा दिवस खपून जुळवला होता, आणि तेव्हा त्याचे रंग चोख होते. मग सासूच्या ऑपरेशनसाठी त्या चार दिवस रजेवर गेल्या. तेवढ्यात मालकांनी फाइल आपल्या मशीनवरच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेली, नावं चढवली आणि पाठवूनही दिली.

"मला एकदा दाखवायचं तरी!"

"तारीख गळ्याशी आली होती. आणि जरा फिकट झालंय तर काय आभाळ कोसळलं? रंग वाढवा थोडा. दोन मिनिटांचं काम."

बाईंनी रंग वाढवायची पट्टी सरकवली. दोन्ही बाळं पिवळीधमक झाली.

"घ्या. आता दोघांनाही कावीळ."

सिस्टर हसली नाही. "बाई, मूळचं आहे ना तुमच्याकडे?"

होतं. बाईंनी रंगाची पट्टी जागेवर आणली आणि शेजारच्या पडद्यावर आपल्या प्रोग्राममध्ये मूळ फाइल उघडली. त्यांनी बाळांकडे पाहिलंच नाही. चित्रातल्या सिस्टरच्या घड्याळाचा पट्टा पाहिला. इकडे काळा कुळकुळीत, तिकडे करडा. चादर इकडे पांढरी शुभ्र, तिकडे मळकी.

"रंग उडालेला नाही," त्या म्हणाल्या. "चुकीचा वाचला गेलाय. इंचात लिहिलेलं माप कुणी सेंटिमीटर समजून वाचावं, तसं. काळा कुठून सुरू होतो आणि पांढरा कुठं संपतो, याचा तुमच्या प्रोग्रामनं चुकीचा अंदाज बांधलाय."

त्यांनी फिकट फाइलची माहिती उघडली. रंगांच्या पल्ल्यापुढे 'पूर्ण' होतं, तिथं मूळ फाइलसारखं 'व्हिडिओ' निवडलं. पट्टा काळा झाला, चादर उजळली. उजवीकडच्या बाळाच्या कपाळापासून छातीपर्यंत पिवळी झाक स्पष्ट उमटली. डावीकडचं गुलाबी, मुठी वळून झोपलेलं.

"हेच ते," सिस्टर हळूच म्हणाली.

"झालं ना?" मालक उठले. "मग कशाला एवढी डोकेफोड!"

"जुनी फाइल कुठं कुठं गेली?"

"चाळीस प्रशिक्षण केंद्रांवर. पुढच्या खेपेला बदलून देऊ. आत्ता कळवलं तर स्टुडिओचं नाव खराब होईल."

"नाव?" बाई खुर्ची ढकलून उभ्या राहिल्या. "उद्या एखादी शिकाऊ पोर हे बघून बाळाच्या आईला सांगेल, बाळ बरं आहे, घरी घेऊन जा. मग त्या नावाचं काय लोणचं घालणार?"

"बाई, आवाज खाली!"

"अठरा वर्षं खालीच होता."

मालक आपल्या खोलीत गेले आणि दार धाडकन लावून घेतलं. बाईंनी नवी फाइल बनवून चाळीसही केंद्रांना पाठवली. सिस्टरनं पर्समधून केंद्रांच्या फोन नंबरांची यादी काढून समोर ठेवली. बाईंनी फोन ओढला. एकेका केंद्राला तेच सांगायचं: जुनं पुसा, नवं उघडा. दुपारचा डबा तसाच राहिला.

सतराव्या केंद्रावरची शिक्षिका गडबडली. "अहो, आम्ही तर सकाळीच दाखवला वर्गात!"

"मग पुन्हा दाखवा. आत्ताच."

"पण मला वर कळवावं लागेल. चूक कुणाची म्हणून लिहू?"

बाईंनी बंद दाराकडे पाहिलं. ओठांवर आलेलं मालकांचं नाव त्यांनी गिळलं. त्या नावापायी इथं अर्धा तास वाद झाला असता आणि तिकडच्या मुली पांगल्या असत्या.

"संकलकाची लिहा," त्या म्हणाल्या. "आणि आधी मुलींना बोलवा. मी फोन धरते."

पलीकडे खुर्च्या सरकल्या. "बसा गं परत, सगळ्या जणी बसा," कुणीतरी ओरडलं. बाई रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभ्याच राहिल्या.